मी नाव घेतलं नव्हतं

ही हकिकत सांगायची मी अनेक वर्षं टाळली. आठवणी लिहायला बसलो की पहिली नोकरी, पहिली सेकंडहँड गाडी, बर्फात अडकलेलं मित्राच्या लग्नाचं वऱ्हाड, हे सगळं भराभर लिहून व्हायचं. दोन हजार सहाच्या गणेशोत्सवापाशी आलो की मी पेन खाली ठेवायचो. कुणी विषय काढलाच तर माझं उत्तर ठरलेलं होतं, "मी नाव घेतलं नव्हतं." ते खरंही आहे. इथेही कुणाचं नाव घेणार नाही. पण जे मी तेव्हा झाकलं, ते आता सांगणार आहे.

आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेजवळ राहतो. मी केमिकल इंजिनियर होतो. त्या वर्षी नुकताच निवृत्त झालो होतो आणि बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. स्वयंपाकाचा प्रश्न होता. तेव्हा कुणीतरी मावशींचा फोन नंबर दिला. त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील, पण आसपासच्या सगळ्या मराठी घरांत त्यांना मावशीच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मला भाऊ म्हणत. मूळच्या साताऱ्याकडच्या, तिकडे बालवाडीत शिकवलेलं. मंगळवारी आणि शुक्रवारी येत, पोळ्या, भाजी, एखादी आमटी करून जात. येताना साडेतीन वर्षांची नात बरोबर असे. ती आमच्या जेवणाच्या टेबलाखाली बसून कणकेचे साप करायची. मावशींची मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत होती; सकाळी सातला निघायची ती संध्याकाळी सातला घरी.

विद्यापीठातल्या मुलामुलींनाही मावशीच पोळ्या पुरवायच्या. एका अपार्टमेंटमध्ये पाच-सहा जणं मिळून शंभर पोळ्यांची ऑर्डर द्यायची. त्यांच्या पोळीला चांगले तीन पदर सुटायचे. आमच्याकडे जेवायला आलेला एक मुलगा म्हणाला होता, "काका, थिसिस गेला तरी चालेल यार, मावशी जायला नकोत."

एका मंगळवारी दुपारी दारावरची बेल वाजली. मी उघडलं. निळा शर्ट, कमरेला पट्टा, छातीवर बिल्ला लावलेला गॅस कंपनीचा माणूस मीटर बघायला आला होता. त्याला बेसमेंट दाखवून वर येतोय तोवर स्मोक अलार्म किंचाळायला लागला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग कपडे धुण्याच्या खोलीत गेलो तर मशीन आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत मावशी उभ्या होत्या. एका हातात लाटणं, दुसऱ्या हाताने नातीचं तोंड दाबून धरलेलं.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

"कोण? अहो, मीटरवाला आहे तो."

"पोलीस नाही?"

तो माणूस गेल्यावर मी चहा केला. बायको आत झोपली होती. मावशींनी तेव्हा मला सांगितलं. नातीच्या जन्मानंतर वर्षाने त्या व्हिजिटर व्हिसावर आल्या. सहा महिन्यांची मुदत वाढवून वर्षाची केली. त्यातच जावई घर सोडून गेला आणि कोर्टात गेला. मुलगी माझ्याकडे द्या, हिला बारा तास नोकरी, मुलीकडे बघायला कोण आहे, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने निकाल लागेपर्यंत नातीला राज्याबाहेर न्यायला मनाई केलेली. मुलगी नोकरी सोडू शकत नव्हती, कारण तिचा व्हिसा नोकरीवरच. मग मावशी राहिल्या. पासपोर्टात टाचलेल्या पांढऱ्या कार्डावरची राहायची शेवटची तारीख उलटून दीड वर्ष झालं होतं.

"आता गेले तर दहा वर्षं येता येत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "आणि राहिलेय हे जावयाच्या वकिलाला कळलं, तर तो म्हणणार, बघा, बेकायदा बाईच्या हाती पोर ठेवलीय. भाऊ, मला स्वतःची भीती नाही. पोर जाईल हो हातची."

त्यांना धीर द्यावा म्हणून मी त्या दुपारी जे सांगितलं, ते बायकोखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मुलांनाही नाही.

मी शिकायला आलो तो मिशिगनमध्ये. पदवी मिळाली आणि त्याच सुमाराला नोकऱ्या आटल्या. विद्यार्थी म्हणून राहायची मुदत संपली. परत जायचं तर घरी वडिलांना काय सांगायचं? मी अकरा महिने तसाच राहिलो. एका मोटेलमध्ये चादरी बदलल्या, भांडी घासली. पोलिसांची गाडी दिसली की मी दुकानात शिरायचो. शेवटी माझ्या प्राध्यापकांनी एक पत्र दिलं. हा विद्यार्थी हे अकरा महिने माझ्या प्रयोगशाळेत संशोधन करत होता, असं त्यात लिहिलं होतं. एक दिवसही मी तिथे गेलो नव्हतो. सही करताना ते म्हणाले होते, "माझे वडील बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्याकडे एवढंही नव्हतं." त्या पत्रावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. ग्रीन कार्ड, नागरिकत्व, हे घर.

मावशी ऐकत राहिल्या. मग पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. "अगंबाई! म्हणजे भाऊ, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"आणि मी तुम्हाला बघून पदर सावरते, मोठे साहेब म्हणून!"

हे झालं जूनमध्ये. त्याच उन्हाळ्यात घराघरात तो एकच विषय होता. टीव्हीवर रस्त्यांवरून निघालेले मोर्चे, सीमेवर कुंपण घालण्याच्या गोष्टी, कुणाला राहू द्यावं आणि कुणाला हाकलावं यावर आरडाओरडा. आमच्या लोकांत तर जास्तच, कारण निम्मे लोक ग्रीन कार्डाच्या प्रतीक्षेत सहा-सहा वर्षं काढत होते. "आपण टॅक्स भरून वाट बघायची आणि हे कुंपणावरून उडी मारून येणार," हे वाक्य मी प्रत्येक पार्टीत ऐकलं. खरं सांगायचं तर मी स्वतःच ते सर्वांत जास्त वेळा म्हटलं.

माझा शेजारी निवृत्त प्लंबर होता. त्याचे आजोबा इटलीहून आलेले, तेही चुलतभावाच्या कागदांवर, चुलतभावाचं नाव लावून. ही गोष्ट तो दरवर्षी बार्बेक्यूला हसत हसत सांगायचा. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापाशी सकाळी रोजंदारीच्या कामासाठी उभी राहणारी माणसं दाखवून तो मला म्हणाला, "यांना आवरलं पाहिजे. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही लोक नीट मार्गाने आलात." मी मान डोलावली. मला बरं वाटलं. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर मी भीतीने घराला मोठा झेंडा लावला होता, दाढी काढली होती आणि अनोळखी माणसाशी बोलताना 'मी इथे बेचाळीस वर्षं राहतोय' असं दहा वर्षं वाढवून सांगत होतो. अशा माणसाला कुणी 'तुमची गोष्ट वेगळी' म्हटलं की तो विरघळणारच. पण ही सबब नाही.

आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात वादविवाद ठेवला. विषय, 'बेकायदा राहणाऱ्यांना परत पाठवावे'. मी अनुकूल बाजू मागून घेतली. कॉलेजात मी वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्या होत्या आणि त्याची खुमखुमी चाळीस वर्षांनीही गेली नव्हती. प्रतिकूल बाजूने विद्यापीठातली एक मुलगी बोलणार होती. नागपूरची, जीवशास्त्रात संशोधन करणारी, चष्म्यातून थेट बघणारी.

कार्यक्रम एका हायस्कूलच्या कॅफेटेरियात होता. एका टोकाला टेबलं जोडून केलेलं व्यासपीठ, शेजारी गणपती, समोर तीनशे खुर्च्या आणि खुर्च्यांच्या मागे स्वयंपाकघराची वाढायची लांब खिडकी. खिडकीच्या पलीकडे मावशी आणि चार बायका जेवणाची तयारी करत होत्या. मी बोलायला उभा राहिलो की त्या मला समोर दिसणार होत्या.

आधी ती मुलगी बोलली.

"काका म्हणणार की सगळ्यांनी नियमाने यावं. मान्य. मग मला सांगा काका, न्यू जर्सीत मूळ राहणाऱ्या लोकांनी कुणाच्या पासपोर्टवर स्टॅम्प मारला होता? ते बिचारे म्हणाले असतील, या, बसा. आणि थोड्या दिवसांनी त्यांनाच उठावं लागलं."

लोक हसले.

"आणि हे आपले बाप्पा बघा. येतात दीड दिवसांसाठी. आपण काय करतो? इथे नदीत सोडता येत नाही म्हणून बादलीत बुडवल्यासारखं करतो, पुसतो, आणि बॉक्समध्ये घालून वर्षभर मंडळाच्या ट्रेझररच्या बेसमेंटमध्ये ठेवतो. ही मूर्ती इथे नऊ वर्षं आहे. काका, ओव्हरस्टे! कुणी कळवायचं?"

हॉल कोसळला. लहान मुलं 'ओव्हरस्टे, ओव्हरस्टे' ओरडू लागली. मागच्या खिडकीत मावशीही तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मी उठलो तेव्हा लोक अजून हसत होते. मी कायद्याचं सांगितलं, आकडे सांगितले, अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेल्यांचं सांगितलं. पुढच्या ओळीतले दोघे तिच्या विनोदावरच बोलत होते. चार मिनिटं झाली, पहिली घंटा वाजली. एक मिनिट उरलं. आमचे कॉलेजातले सर शिकवायचे, पहिली घंटा झाली की मुद्दे सोडा, सभेपुढे एक माणूस उभा करा; खरा, ओळखीचा, हातापायांचा माणूस. मी डझनभर स्पर्धांत त्या शेवटच्या मिनिटावर जिंकलो होतो. जीभ सवयीने वळली.

"लांब कशाला जायचं?" मी म्हणालो. "आपल्याच गावात एक आजी आहे. नातीला सांभाळायला आली. कार्डावरची तारीख उलटून दीड वर्ष झालं. आजही ती तुमच्या-आमच्या घरी पोळ्या लाटते. प्रेमळ आहे, कष्टाळू आहे. तिला पाहून माझ्याही पोटात तुटतं. पण मित्रहो, आपण सगळे नियमाने आलो. थांबलो. एकेक कागद खरा दिला. मग प्रेमळ माणसासाठी एक कायदा आणि तुमच्यासाठी दुसरा, असं चालेल का?"

हॉल एकदम शांत झाला. मला वाटलं, पकडली सभा. मग मला दिसलं की मागच्या रांगांतली डोकी एकामागून एक वाढायच्या खिडकीकडे वळतायत. घरोघर पोळ्या लाटणारी आणि नात सांभाळणारी बाई आमच्या गावात एकच होती. मावशी हातात झारा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वाकून काहीतरी शोधल्यासारखं करत खिडकीखाली गेल्या.

दुसरी घंटा झाली. टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या. त्या मुलीला उत्तरासाठी एक मिनिट होतं. ती माइकपाशी आली, म्हणाली, "मला काही बोलायचं नाही," आणि परत जाऊन बसली. परीक्षकांनी मला विजयी ठरवलं.

जेवायला ताट घेऊन मी पुढे सरकत गेलो तर वरणाच्या पातेल्यापाशी मावशीच होत्या. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊ, वरण घट्ट हवं की पातळ?" नेहमीचाच आवाज. मी म्हणालो, "पातळ." त्यांनी वाढलं आणि पुढच्या ताटाकडे वळल्या.

ती नागपूरची मुलगी दारात भेटली. "काँग्रॅच्युलेशन्स काका," ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांना वर्षभरापासून माहीत होतं. पण आमच्यातला एकही कुणापाशी बोलला नाही."

"मी नाव घेतलं नाही," मी म्हणालो. ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा वापरलं.

गाडी घराच्या गल्लीत वळली तेव्हा बायको म्हणाली, "एकेक कागद खरा दिला, असं म्हणालात."

"भाषणात म्हणावं लागतं."

"त्या पत्राचं का नाही सांगितलंत? माणूसच उभा करायचा होता ना? स्वतः उभेच होतात की तिथे."

मी गाडी गॅरेजमध्ये घातली.

मंगळवारी मावशी आल्या नाहीत. फोन मात्र भरपूर आले. "काका, ते मावशींबद्दलच ना? आम्ही बंद केलं त्यांना बोलावणं. आमचं ग्रीन कार्ड लास्ट स्टेजला आहे, उगाच भानगड नको." दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंत, आम्ही त्यांना मुलांबरोबर एकटं सोडत होतो!" जणू त्या काही चोर होत्या. प्रत्येकाला मी सांगायला हवं होतं की मीही तसाच राहिलो होतो, अकरा महिने, आणि खोट्या पत्रावर सुटलो. त्याऐवजी मी म्हणत होतो, "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही हं."

जावयाचे दोन मित्र त्या दिवशी सभेत होते. हे मला आठवड्याने मावशींच्या मुलीकडून कळलं. ऑफिसातून ती थेट आमच्या दारात आली, आत यायला तयार नव्हती.

"काका, आई शुक्रवारी जातेय. त्याच्या वकिलाचं पत्र यायच्या आत तिने इथून गेलेलं बरं, असं माझी वकील म्हणते. मी डेकेअर बघितलंय. ऑफिसने वेळ थोडी बदलून दिली आहे." ती हे सगळं एका दमात, पाठ केल्यासारखं बोलली. मग म्हणाली, "मला शुक्रवारी कोर्टात जावं लागतंय. आई म्हणाली, भाऊ सोडतील एअरपोर्टवर. तिने तुमचंच नाव घेतलं. मी नको म्हणत होते."

शुक्रवारी सकाळी मी गेलो. नात डेकेअरला गेलेली होती; मावशींनी तिला रोजच्यासारखंच पाठवलं होतं, निरोप वगैरे न घेता. दोन बॅगा दारात होत्या. फ्रीजवर मुलीसाठी एक कागद लावला होता, नात काय खाते, काय खात नाही, ताप आला की कुठलं औषध. शेवटी लिहिलं होतं, 'झोपताना पाठीवरून हात फिरवावा, पोटावरून नाही.'

नेवार्कपर्यंत पाऊण तास लागतो. मी ठरवून निघालो होतो. हायवेला लागलो की बोलायचं. हायवेला लागलो. ट्रक होते, मग टोल होता, मग एक्झिट सांभाळायचं होतं. माणसाला जेव्हा बोलायचं नसतं तेव्हा गाडी चालवणं फार उपयोगी पडतं. मावशी खिडकीतून बघत होत्या.

विमानतळाची पाटी दिसली तेव्हा त्याच बोलल्या.

"भाऊ, एक सांगायचं होतं."

मी स्टीअरिंग घट्ट धरलं. मला वाटलं, आता त्या बोलतील, आणि बोलाव्यात, मी सगळं ऐकून घेईन.

"तुमचं ते मोटेलचं आणि पत्राचं," त्या म्हणाल्या, "मी कुणालाच सांगितलेलं नाही हं. लेकीलासुद्धा नाही. तुम्ही काळजी करू नका."

त्यात टोमणा नव्हता. मी पुढे कितीतरी दिवस तो आवाज आठवून त्यात टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. मी त्या आठवड्यात कसा हादरलो होतो ते त्यांना दिसलं होतं आणि त्यांना वाटलं, मी माझ्या गुपितासाठी घाबरलोय. आणि लिहायची वेळ आली आहे म्हणून लिहितो, थोडासा घाबरलेलो होतोही. त्यांनी हे सांगितल्यावर माझी छाती हलकी झाली. त्या हलकेपणाची लाज मला भाषणापेक्षा जास्त वाटते.

मी बॅगा ट्रॉलीवर ठेवल्या. "पासपोर्ट हाताशी ठेवा," मी म्हणालो. "विमानात पाणी पीत राहा." त्या मला वाकून नमस्कार करायला लागल्या, तेव्हा मी एवढंच केलं की मागे सरकलो.

नात मावशींच्या मुलीकडेच राहिली, कोर्टाने तसा निकाल दिला. मावशींना मात्र परत येता आलं नाही. पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाने मला बक्षिसं द्यायला बोलावलं. माइक हातात होता, समोर तीच माणसं होती. मी विजेत्यांचं कौतुक केलं आणि खाली उतरलो.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मी त्यांना साताऱ्याला फोन लावला. त्यानंतर तीन महिन्यांनी त्या गेल्या; हृदयविकार, फार त्रास झाला नाही, असं त्यांच्या मुलीने बायकोला कळवलं. मी फोन केला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी काय म्हणायचं ते पाठ करून ठेवलं होतं. मावशी, मी तुम्हाला पुढे करून स्वतः लपलो, मला माफ करा. एवढंच.

त्यांनी फोन उचलला. आवाज ऐकून खूश झाल्या. ताईंचे गुडघे कसे आहेत, बर्फ यंदा किती पडला, विद्यापीठातली ती चष्म्यावाली पोर पास झाली का, सगळं विचारलं. नात फोनवर आता फक्त इंग्रजीत बोलते, म्हणाल्या, "मला कळत नाही सगळं, पण मी आपली हो हो करते." मी हसलो. मग दोघेही थांबलो. त्या थांबल्या होत्या, माझ्यासाठीच थांबल्या होत्या, हे मला फोनमधूनही कळत होतं.

"भाऊ, काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "सहजच केला."